तेल, साठा आणि अविकसित : मादागास्करमधील डांबरी वाळूच्या निमित्ताने काही परिभाषाविचार

१

भूशास्त्राच्या एका संशोधक विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाचा मराठी सारांश भाषेच्या दृष्टीने तपासून घेण्यासाठी प्रस्तुत लेखकाकडे आणला होता. त्यातील एक वाक्य असे होते : 'मादागास्करच्या पश्चिम भागात बेमोलांगा येथे सोळा अब्ज बॅरल तेलाचा साठा अविकसित अवस्थेत पडून आहे.' वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. त्यातील आकडाही विद्यार्थ्याने कल्पनेने घातलेला नव्हता; तो छापील ग्रंथांतून वारंवार आढळणारा आहे. तथापि तासभर चर्चा केल्यानंतर आम्हा दोघांनाही असे दिसून आले की, या वाक्यातील 'तेल', 'साठा' आणि 'अविकसित' हे तिन्ही प्रमुख शब्द वस्तुस्थितीशी पुरते जुळत नाहीत. प्रत्येक शब्द थोडीशी अतिशयोक्ती करतो, आणि तिघांची मिळून होणारी अतिशयोक्ती मात्र थोडी राहत नाही.

मादागास्करची लोकसंख्या तीन कोटींच्या घरात असून जागतिक बँकेच्या मोजणीप्रमाणे तिच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक दारिद्र्यरेषेखाली जगतात. अशा देशाविषयी 'सोळा अब्ज बॅरल तेलाचा धनी' असे म्हणणे ही केवळ भाषांतरातील ढिलाई मानता येत नाही. अशा वाक्यांवर परवाने दिले जातात, कर्जे काढली जातात आणि निवडणुकांत आश्वासने दिली जातात. म्हणून या तीन शब्दांचा क्रमाने विचार करण्याचे योजिले आहे. परिभाषेचा हा प्रश्न भूशास्त्रज्ञांइतकाच भाषेच्या अभ्यासकांचाही आहे.

२

प्रथम स्थळाचा परिचय करून घेणे आवश्यक आहे. मादागास्कर हे जगातील चौथ्या क्रमांकाचे बेट. क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. त्याच्या पश्चिम भागात मेलाकी नावाचा प्रदेश आहे. माइंतिरानु हे त्यातील किनाऱ्यावरचे मुख्य गाव, आणि तेथून आत मुराफेनुबे या गावाच्या परिसरात प्रस्तुत निक्षेप आहे. मालागासी भाषेच्या रोमन लेखनात जेथे 'ओ' लिहितात तेथे उच्चार 'उ' असा होतो. म्हणून विद्यार्थ्याच्या 'बेमोलांगा'ऐवजी यापुढे 'बेमुलांगा' असे लिहिले आहे.

मेलाकी हा विरळ वस्तीचा, गवताळ माळांचा आणि गुराख्यांचा प्रदेश होय. येथील सकालावा लोक वशिंडाची गुरे पाळतात आणि नदीकाठी भातशेती करतात. देशाचे लोहमार्ग राजधानीपासून व दक्षिणेकडील पठारापासून पूर्व किनाऱ्याकडे जातात; पश्चिमेकडे एकही जात नाही. पावसाळ्यात कच्चे रस्ते बंद होतात व गावे महिनोन्‌महिने एकमेकांपासून तुटतात. या पावसाळ्याला पश्चिमेकडील बोलींत 'आसारा' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'आषाढ' या शब्दापासून मलाय भाषांच्या मार्गे तेथे पोहोचला असे मानले जाते. आषाढाने दक्षिण गोलार्धात जाऊन आपला महिना सोडला आहे, कारण तेथला पाऊस डिसेंबर ते मार्च या काळातला. पण पावसाशी असलेला संबंध त्याने सोडलेला नाही.

मालागासी ही आफ्रिकेजवळच्या बेटाची भाषा असूनही आफ्रिकी कुळातील नाही. ती ऑस्ट्रोनेशियन कुळातील असून तिची सर्वांत जवळची आप्त भाषा बोर्निओ बेटावरील मान्यान ही होय, हे ओट्टो ख्रिश्चन डाल या नॉर्वेजियन पंडिताने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर दाखवून दिले. या आप्तसंबंधाकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

भूमीचा आप्तसंबंध मात्र आपल्याशी आहे. बेमुलांगा येथील वालुकाश्म ज्या खडकमालेत मोडतात तिला दक्षिण आफ्रिकेतील नावावरून कारू म्हणतात. हिचीच भारतीय बहीण म्हणजे गोंडवन खडकमाला. चंद्रपूर-वणीकडील दगडी कोळशाचे थर आणि त्यांवरील कामठीचे वालुकाश्म हे या मालेतले. हेन्री मेडलिकॉट याने १८७२ साली योजिलेले 'गोंडवन' हे नाव पुढे एडुआर्ड झ्यूस याने १८८५ मध्ये संबंध प्राचीन भूखंडाला दिले. गोंड लोकांच्या भूमीचे नाव अशा रीतीने मादागास्करच्या इतिहासालाही लाभले. भारत आणि मादागास्कर यांची फारकत सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी झाली. कारू व गोंडवन खडक त्यापूर्वीचे, दोन्ही भूमी एकाच खंडात नांदत असतानाचे होत. यावरून विदर्भातही डांबरी वाळू सापडावी असे अनुमान कोणी काढू नये. खडकांचे वय एक असले तरी त्यांत तेल निर्माण होणे, साचणे व टिकणे यांसाठी लागणारी परिस्थिती निरनिराळी असते.

३

आता पहिला शब्द, 'तेल'. बेमुलांगा येथे जे आहे ते ओतता येत नाही, पंपाने खेचता येत नाही आणि नळातून वाहून नेता येत नाही. वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत काळा, चिकट, जवळजवळ घट्ट पदार्थ बसलेला आहे. त्याला बिट्युमेन म्हणतात. सामान्यतः ज्याची श्यानता भूगर्भातील तापमानाला दहा हजार सेंटिपॉइजपेक्षा अधिक असते त्या पदार्थाला बिट्युमेन समजतात. पाण्याची श्यानता साधारण एक सेंटिपॉइज असते हे लक्षात घेतले म्हणजे या पदार्थाच्या घट्टपणाची कल्पना येईल.

हा पदार्थ मुळात तेलच होता. सेंद्रिय द्रव्याने युक्त अशा शेल खडकांत खोलवर तेल तयार झाले, आणि वर सरकत वालुकाश्मांच्या सच्छिद्र थरांत येऊन थांबले. पुढे वरचे आच्छादन झिजून गेल्यामुळे हे थर भूपृष्ठाच्या जवळ आले. तेथील तापमान कमी, आणि पाण्याबरोबर जिवाणूंचा शिरकाव सुलभ. या जिवाणूंनी तेलातील हलके घटक खाऊन टाकले. त्यांना न पचणारे जड, गंधकयुक्त व गुंतागुंतीचे घटक तेवढे मागे उरले. सारांश, डांबरी वाळू म्हणजे तेलाचे उष्टे होय. ती अपक्व तेल नव्हे. तेलपण हरवून बसलेले तेल आहे. तिला पुन्हा तेलपण द्यावयाचे तर प्रथम वाळूपासून बिट्युमेन वेगळे करावे लागते, आणि नंतर त्यातील कार्बन कमी करून अथवा त्यात हायड्रोजन मिसळून ते पातळ करावे लागते. या दोन्ही क्रियांना उष्णता लागते, आणि उष्णतेसाठी पुन्हा इंधनच जाळावे लागते.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात आथाबास्का नदीच्या काठी अशी वाळू विपुल आहे. तेथील क्री लोक हे बिट्युमेन झाडाच्या राळेत मिसळून होड्यांच्या सांध्यांना लावीत, असे अलेक्झांडर मॅकेन्झी याने अठराव्या शतकाच्या अखेरीस नमूद केले. गरम पाण्याने वाळू धुऊन बिट्युमेन वेगळे करण्याची रीत कार्ल क्लार्क याने १९२० नंतरच्या दशकात सिद्ध केली आणि १९६७ मध्ये तेथे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. स्थूल मानाने दोन टन वाळू उपसावी तेव्हा एक बॅरल, म्हणजे सुमारे १५९ लिटर, तेल हाती येते.

मग या पदार्थाला मराठीत काय म्हणावे? 'डांबर' हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, आणि 'डांबरी वाळू' हा प्रयोग अर्थाच्या दृष्टीने सुगमही आहे. परंतु मराठीत डांबर या एका शब्दाने तीन भिन्न पदार्थांचा निर्देश होतो : लाकडापासून निघणारे, दगडी कोळसा तापवून मिळणारे आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारे. इंग्रजीतील 'टार सँड' या नावावर शास्त्रज्ञांचा आक्षेप हाच आहे. टार हा उष्णतेने विघटन करून मिळवलेला कृत्रिम पदार्थ, आणि वाळूतील बिट्युमेन निसर्गसिद्ध. उद्योगांनी पुढे 'ऑइल सँड' हे नाव पसंत केले. ते शास्त्रदृष्ट्या अधिक अचूक आहे असे नव्हे. त्यात डांबराचा काळिमा नाही आणि तेलाचे आश्वासन आहे. विरोधक जुने नाव वापरतात, समर्थक नवे; आणि एखादा लेखक कोणत्या पक्षाचा आहे हे बहुधा पहिल्याच ओळीत कळून येते.

डांबर या शब्दाचा इतिहासही येथे उद्‌बोधक ठरतो. हिंदीत 'डामर' असे रूप आहे. यूल व बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात त्याचे मूळ मलाय 'दामार' या शब्दात दाखवले आहे. होड्यांच्या फटी बुजवण्यासाठी व दिवट्यांसाठी वापरली जाणारी झाडाची राळ, असा त्याचा अर्थ. ही व्युत्पत्ती मान्य केली तर रस्त्यावर ओतले जाणारे आपले डांबर हा शब्द मालागासी भाषेच्याच कुळातून आपल्याकडे आला असे ठरते. उलट, बिट्युमेन हा लॅटिन शब्द परका वाटला तरी त्याचे मूळ आपल्या घरचे आहे. तौलनिक व्याकरणकार त्याचा संबंध संस्कृत 'जतु', म्हणजे लाख, या शब्दाशी जोडतात. महाभारतातील जतुगृहातले जतु ते हेच. 'शिलाजतु' हा शब्द बिट्युमेनसाठी मोहक आहे खरा. परंतु तो आयुर्वेदातील एका निराळ्या द्रव्याला रूढ असल्यामुळे त्याचा वापर संभ्रमाचा होईल. म्हणून पदार्थासाठी 'बिट्युमेन' आणि तो धारण करणाऱ्या खडकासाठी 'डांबरी वाळू' अशी योजना येथे स्वीकारली आहे. 'तेल' हा शब्द मात्र शुद्धीकरणानंतर हाती येणाऱ्या द्रवासाठीच राखून ठेवावा.

४

दुसरा शब्द 'साठा'. हा तिन्हींत सर्वांत फसवा आहे.

साठा म्हटले की मराठी मनासमोर कणगी, बळद किंवा सांगलीजवळच्या हरिपुरातील हळदीची पेवे उभी राहतात. पेवही जमिनीखालीच असते. पण त्यात किती पोती उतरवली ते मालकाला ठाऊक असते, आणि पेव उघडल्यावर माल वर येतो. भूगर्भातील खनिजाला साठा म्हणताना या दोन्ही गोष्टी, म्हणजे मोजलेले असणे आणि काढता येणे, शब्दाबरोबर न बोलावता येतात. प्रत्यक्षात दोन्ही असतीलच असे नाही.

जागतिक ऊर्जा परिषदेच्या २०१० च्या सर्वेक्षणात मादागास्करच्या बिट्युमेनचे जे आकडे दिले आहेत ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. भूमीत असलेले एकूण बिट्युमेन सुमारे १६ अब्ज बॅरल. यांपैकी शोध लागून निश्चित झालेले सुमारे २.२ अब्ज. उरलेले सुमारे १३.८ अब्ज हे 'असावे' अशा अनुमानाचे. आणि ज्याला तांत्रिक अर्थाने राखीव साठा म्हणता येईल ते अवघे सुमारे २२ कोटी बॅरल. म्हणजे सोळा अब्जांतील शंभरातले दीडही नव्हे. आजवर झालेले उत्पादन शून्य. अन्य जाणकारांनी यापेक्षा बरेच उदार अंदाजही केले आहेत, आणि त्यांत काढता येण्याजोगा भाग कितीतरी मोठा धरलेला आहे. एकाच वाळूविषयी अंदाजांत इतके अंतर पडावे, यावरूनच 'साठा' या शब्दामागे वस्तूपेक्षा व्याख्या किती असते ते स्पष्ट होईल.

कारण राखीव साठा ही केवळ भूशास्त्रीय संज्ञा नाही. उपलब्ध तंत्राने आणि प्रचलित भावाने, नफा राखून जेवढे काढता येईल तेवढाच राखीव साठा. भाव वाढला की साठा वाढतो. भाव कोसळला की तो आटतो. याचे ठळक उदाहरण कॅनडाचेच आहे. २००२ च्या अखेरीस तेलव्यवसायातील एका प्रतिष्ठित नियतकालिकाने अल्बर्टातील डांबरी वाळूची गणना राखीव साठ्यात केली. त्याबरोबर कॅनडाचा साठा सुमारे ५ अब्ज बॅरलांवरून १८० अब्जांवर गेला. वाळूचा एक कणही जागचा हलला नव्हता. अर्थात त्यामागे पस्तीस वर्षांच्या प्रत्यक्ष उत्पादनाचा अनुभव होता. बेमुलांगाच्या आकड्यामागे तो नाही.

आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत हा विवेक पूर्वीपासून आहे. उभे पीक, खळ्यावरची रास आणि कणगीतले धान्य यांत तो कधी गल्लत करीत नाही. उभ्या पिकाची आणेवारी काढली जाते, पण आणेवारीवर कोणी दळण टाकीत नाही. शास्त्रीय मराठीने हाच धडा गिरवावा. भूमीत असलेल्या समग्र द्रव्याला 'भूगत द्रव्य' म्हणावे; त्याचे 'ज्ञात' आणि 'अनुमित' असे दोन भाग करावेत; आणि 'साठा' ही संज्ञा किफायतशीरपणे काढता येण्याजोग्या भागापुरतीच राखावी. असे केल्यास बेमुलांगा येथे सोळा अब्जांचा साठा आहे हे वाक्य मराठीत लिहिताच येणार नाही. परिभाषेचे प्रयोजन हेच असते : काही चुका करणे तिने अवघड करून ठेवावे.

५

तिसरा शब्द 'अविकसित', आणि त्याच्या जोडीला 'पडून आहे' हे क्रियापद. पडीक जमीन म्हटले की मालकाचा आळस किंवा असहायता सूचित होते. बेमुलांगाबाबत तशी सूचना योग्य आहे काय?

या भागातील बिट्युमेनची माहिती विसाव्या शतकाच्या आरंभापासून होती. फ्रेंच वसाहतीच्या काळात व त्यानंतरही तपासण्या झाल्या. थर भूपृष्ठाजवळ असल्याने येथे विहिरी न खणता उघडी खाण खोदावी असाच विचार पुढे आला. २००८ च्या जुलै महिन्यात खनिज तेलाचा भाव बॅरलला १४७ डॉलरपर्यंत चढला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टोटाल या फ्रेंच कंपनीने या क्षेत्रातील ६० टक्के हिस्सा घेऊन तपासणीची सूत्रे हाती घेतली. डिसेंबरपर्यंत भाव ४० डॉलरच्याही खाली उतरला होता. मार्च २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्क रावालुमानाना यांना पायउतार व्हावे लागले व देशात दीर्घ राजकीय अस्थैर्य माजले. दरम्यान विंधने घेऊन वाळूची परीक्षा झाली, आणि खाणकाम आर्थिकदृष्ट्या परवडणारे नाही या निष्कर्षावर येऊन तो बेत सोडून देण्यात आला. शेजारच्या त्सिमिरुरु येथे जमिनीत वाफ सोडून जड तेल काढण्याचे प्रयोग त्यानंतरच्या काळात झाले. बेमुलांगाची वाळू मात्र आहे तशीच आहे.

याची कारणे गूढ नाहीत. येथील वाळूत बिट्युमेनचे प्रमाण आथाबास्काच्या मानाने कमी. म्हणजे एका बॅरलमागे उपसावी लागणारी वाळू अधिक. धुण्यासाठी पाणी बारमाही हवे, आणि येथे नद्यांना पाणी ऋतूप्रमाणे. उष्णतेसाठी इंधन बाहेरून आणावे लागणार. रस्ता, बंदर, वीज, शुद्धीकरणाची यंत्रणा ही सर्व शून्यापासून उभारावी लागणार, आणि त्या सर्वांचा भार एकाच खाणीवर पडणार. खाण चाललीच, तर धुतलेल्या वाळूचा व मलिन पाण्याचा संचय कोठे करावयाचा हा प्रश्न आहेच. बेमाराहाचे सुळक्यांसारखे चुनखडीचे अरण्य, ज्याला १९९० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, ते याच मेलाकी प्रदेशात आहे. शिवाय बिट्युमेनपासून तेल करताना वातावरणात जाणारा कार्बन वायू साध्या तेलापेक्षा अधिक असतो. तेव्हा हे द्रव्य कोणाच्या आळसाने पडून राहिलेले नाही. ते तपासले गेले आहे, तोलले गेले आहे, आणि तूर्त नाकारले गेले आहे.

'अविकसित' हा शब्द हा निर्णय लपवतो. विकास म्हणजे उमलणे; कळीचे फूल होणे. अविकसित म्हटले की विकास ही त्या वस्तूची स्वाभाविक पुढची अवस्था आहे असे गृहीत धरले जाते. ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण तो योजिला, त्या 'डेव्हलप'चा मूळ अर्थ गुंडाळलेले उलगडणे असा आहे. तेथेही आत काही आधीच तयार असल्याची सूचना आहेच. परंतु वाळूतील बिट्युमेन ही कळी नव्हे, आणि खाण हे तिचे फूल नव्हे.

मालागासी भाषेत विकासाला 'फाम्पांद्रुसुआना' म्हणतात. त्याच्या मुळाशी 'मांद्रुसु' हे क्रियापद आहे : पुढे सरणे, आत येणे. दारात आलेल्या पाहुण्याला 'मांद्रुसुआ' म्हणजे 'आत या' असे म्हणतात. याच भाषेत जन्मभूमीला 'तानिंद्राझाना' असा शब्द आहे. 'तानि' म्हणजे भूमी, मलाय 'तानाह'चा सोदर, आणि 'राझाना' म्हणजे पूर्वज. पूर्वजांची थडगी जेथे आहेत ती भूमी. भूमी आणि प्रगती हे दोन्ही शब्द आज मादागास्करच्या राष्ट्रीय ब्रीदवाक्यात एकत्र नांदतात. 'आत या' असे म्हणण्याचा अधिकार ज्याचे घर त्याचा, हे त्या भाषेच्या व्यवहारातच आहे. 'अविकसित' या शब्दात घराचा मालक कोठेच दिसत नाही.

६

लेखात 'डिपॉझिट' या अर्थी 'निक्षेप' हा शब्द वापरला आहे. भूशास्त्राच्या मराठी परिभाषेत तो रुळलेला असून तो बदलण्याचे कारण नाही. मात्र त्याचा जुना अर्थ विसरू नये. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणादानानंतर लगेच निक्षेपाचा क्रम येतो. तेथे निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली ठेव. ती सांभाळणाऱ्याची मालमत्ता नव्हे, आणि ती खर्चली नाही म्हणून कोणी त्याला आळशीही म्हणत नाही. खनिजाला हा अर्थ शब्दशः लावता येणार नाही. भूमीत ठेवणारा कोणी नाही आणि परत मागणाराही कोणी नाही, निदान अद्याप तरी नाही. पण ठेव आणि साठा यांतील भेद लक्षात राहिला तर निम्मे काम झाले असे म्हणता येईल.

विद्यार्थ्याने सारांशातील वाक्य अखेरीस असे लिहिले : 'मादागास्करच्या पश्चिम भागात बेमुलांगा येथील वालुकाश्मांत सुमारे सोळा अब्ज बॅरल बिट्युमेन असावे असा अंदाज २०१० च्या एका सर्वेक्षणात दिला असून, त्यांपैकी सुमारे २.२ अब्ज बॅरल ज्ञात व उरलेले अनुमित आहे. खाणकामाच्या दृष्टीने त्याची तपासणी झाली असता ते किफायतशीर ठरले नाही.' वाक्य पूर्वीच्या दुपटीहून अधिक लांबले. परीक्षक त्यावर लांबीचा आक्षेप घेतील काय, अशी शंका त्याने बोलून दाखवली. वाक्य लांब ठेवावे, असाच सल्ला प्रस्तुत लेखकाने त्याला दिला.